भोकातला चुरा बाहेर कसा आला?



गावात बोअरची गाडी आली की सगळ्यांचे डोळे हॅमरकडे लागतात. दगड फुटतो कसा, हे जो तो पाहतो. फुटलेल्या दगडाचे पुढे काय होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. पण विंधन विहिरींचा इतिहास पाहिला, तर माणसाला खरा घाम दगड फोडताना फुटला नाही, तो फुटला चुरा बाहेर काढताना. आज त्या चुऱ्याचीच हकीकत सांगायची आहे.

आपले जातेच घ्या ना. पीठ कडेने बाहेर पडत राहते, म्हणून पुढचे दाणे भरडले जातात. ते आतच साठले तर काय होईल? जाते फिरेल, हात दुखतील, पण दळण पुढे सरकणार नाही. भोकाचेही तसेच आहे. चुरा तळाशी राहिला की हत्यार नव्या दगडावर आदळतच नाही. ते आपलाच चुरा पुन्हा पुन्हा कुटत बसते. त्यात चुरा वरून कोसळला, तर हत्यार अडकते आणि भोकही जाते, हत्यारही जाते.

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या लोकांनी यावर फार जुन्या काळी तोड काढली. तिथे मिठाच्या पाण्यासाठी खोल भोके पाडत. ती कळकाच्या दोराला लोखंडी हत्यार बांधून, ते उचलून आपटून पाडत. चुरा काढायला त्यांनी कळकाचीच नळी केली. आतली पेरे फोडून टाकली आणि तळाशी चामड्याची झडप बसवली. नळी खाली आपटली की झडप उघडते आणि गाळ आत शिरतो. वर ओढली की गाळाच्याच वजनाने झडप मिटते. मोटेने पाणी काढावे, तसा हा गाळ काढायचा. या साध्या साधनांवर त्यांनी १८३५ साली एक विहीर १००० मीटरच्या पार नेली, बरं का!

युरोपातही चुरा असाच खेपाखेपांनी काढत. पॅरिस शहरातल्या ग्रेनेल भागात म्यूलो नावाच्या कारागिराने १८३३ च्या डिसेंबरात एक भोक सुरू केले. हत्यार होते लोखंडी सळ्यांच्या टोकाला. थोडे खणले की सगळ्या सळ्या वर ओढायच्या, एकेक सोडवायची, चुरा काढायचे हत्यार लावून पुन्हा सगळे खाली सोडायचे. भोक जितके खोल, तितकी ही ये-जा लांब. एकदा तर सळ्या तुटून तळाशी पडल्या आणि त्या काढण्यातच वर्षाहून अधिक काळ गेला. अखेर २६ फेब्रुवारी १८४१ रोजी ५४८ मीटरवर पाणी उसळले. म्हणजे सात वर्षे लागली!

आता त्याच फ्रान्सच्या दक्षिण टोकाला चला. पेर्पिन्यां गावाजवळ रिव्हसाल्त येथे १८३३ मध्येच एका भोकाला जोराचे पाणी लागले होते. नळ बसवण्यासाठी ते भोक वरून खाली रुंद करण्याचे काम चालू होते. तिथे फोव्हेल नावाचे गृहस्थ उभे होते. त्यांनी पाहिले की आज हत्यार चुऱ्यासाठी वर काढावेच लागत नाही. खालून उसळणारे पाणीच सगळा चुरा घेऊन वर येते आहे! इतरांच्याही डोळ्यांसमोर हेच घडत होते. फोव्हेल यांनी मात्र मनाला विचारले: पाणी आपोआप येत नसेल, तिथे आपणच ते पंपाने खाली सोडले तर?

त्यांनी भरीव सळीच्या जागी पोकळ नळी घेतली. नळ्या एकमेकींना आट्यांनी जोडल्या आणि टोकाला नळीपेक्षा रुंद हत्यार लावले. पाणी नळीतून खाली जाई आणि नळीच्या बाहेरच्या फटीतून चुऱ्यासह वर येई. असाच विचार इंग्लंडात रॉबर्ट बीअर्ट यानेही केला होता व १८४४ साली त्याचे पेटंट घेतले होते. फोव्हेल यांनी १८४६ च्या १ जुलैला पेर्पिन्यां येथे काम सुरू केले आणि २३ तारखेला १७० मीटरवर पाणी लागले. सुट्ट्या आणि वाया गेलेले दिवस वगळता प्रत्यक्ष काम झाले अवघे १४० तास. तासाला एक मीटरहून अधिक! ही हकीकत त्यांनी आरागो या नामांकित शास्त्रज्ञाला पत्राने कळवली.

पण खरी कसोटी पुढेच होती. भोके सगळी एका मापाची नसतात आणि नळ्याही नसतात. मग पाणी किती सोडायचे? गुरुजी, हे गणित वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. भोक ६ इंचांचे आणि नळी ३ इंचांची असेल तर फट ३६ वजा ९, म्हणजे २७ भाग. नळी साडेचार इंची घेतली तर उरतात पावणेसोळा भाग. पंप तोच, पाणी तेवढेच, पण फट आवळल्याने पाण्याचा वेग सुमारे पावणेदोन पट होतो. उलट, ४ इंची नळीने ६ इंचांऐवजी १२ इंचांचे भोक पाडू गेलात, तर फट २० भागांवरून १२८ वर जाते. वेग तोच ठेवायला सहा पटींहून अधिक पाणी लागेल. नाहीतर बारीक माती वर येईल आणि खडे तळाशी बसतील.

यालाही फोव्हेल यांच्याकडे उत्तर होते. खडे मोठे असले की त्यांनी प्रवाहच उलटा केला. पाणी बाहेरच्या फटीतून खाली आणि नळीतून वर! वरच्या १२ इंची भोकाचे उदाहरण घ्या. नळीच्या पत्र्याची जाडी सोडून दिली, तर नळीतला वेग फटीतल्या वेगाच्या आठ पट होतो. या रीतीने त्यांनी सुमारे ६ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर जाड दगड वर आणले.

वेग वाढवता येत नसेल तर पाणी दाट करावे, ही युक्ती पुढे अमेरिकेत टेक्सासमधल्या स्पिंडलटॉप येथे फळली. वाळू सारखी कोसळत होती. तेव्हा हॅमिल बंधूंनी पाण्याच्या खड्ड्यात गुरे फिरवली, घरबांधणीसाठी गारा तुडवावा तसा चिखल केला आणि तो पंपाने भोकात सोडला. चिखलाने भोकाच्या भिंती लिंपल्या गेल्या आणि वाळू कोसळायची थांबली. १० जानेवारी १९०१ रोजी तिथे तेलाचे प्रचंड कारंजे उडाले.

आपल्याकडचा काळा कातळ फोडायला हॅमरची यंत्रे आली. १९६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात युनिसेफने तशी यंत्रे विमानाने भारतात आणली. पुढे १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला विंधन विहिरींकडे वळवले. यात चुरा उचलते ती कॉम्प्रेसरची हवा. हवा पाण्याहून किती हलकी! म्हणून तिला सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने वर यावे लागते. वरच्या मुरुमात भोक रुंद राहिले तर तिथे हा वेग मंदावतो आणि चुरा मागे पडतो. केसिंग पाईप नुसता माती अडवत नाही; तो फट बेताची ठेवून हवेचा वेगही राखतो.

तेव्हा बोअर पाडून घेताना एवढे करा. केसिंग मुरूम संपून पक्क्या दगडात टेकले की नाही, ते पाहा. पाणी लागले म्हणून गाडी लगेच हलू देऊ नका. कातळात पाणी येते ते बारीक भेगांतून, आणि दगडाचे पीठ नेमके त्याच भेगांत जाऊन बसते. ते तसेच राहिले तर पाणी असूनही विहीर कमी देते आणि वर पंपही झिजतो. म्हणून गढूळपणा जाऊन नितळ पाणी येईपर्यंत कॉम्प्रेसर चालू ठेवायला सांगा. फुटांचा हिशेब तर आपण करतोच. त्या शेवटच्या धुण्याचाही बोली करतानाच ठराव करून घ्या.