रुग्णाच्या उशाशीं

इ. स. १८६७ मध्यें पुण्यांत ससून रुग्णालय उघडलें. डॉक्टर होते, औषधें होतीं; परंतु रोग्याचें अंग पुसावें, जखम धुवावी, रात्र जागून काढावी, हें काम कोणीं करावयाचें? हिंदुस्थानांतील रुग्णालयांत तें बहुतांशीं युरोपियन व ख्रिस्ती स्त्रियांनींच सांभाळलें. परक्याच्या देहाला स्पर्श करणें हें वरिष्ठ म्हणविणाऱ्या हिंदु घराण्यांना कमीपणाचें वाटे.

ह्या समजुतीला पुण्यांतच धक्के बसले. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले रोग्यांच्या सेवेस धांवल्या व १० मार्च रोजीं त्याच रोगास बळी पडल्या. पुढें १९०९ मध्यें रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनीं पुण्यांत सेवासदन स्थापिलें. ह्या संस्थेनें विधवा व इतर गरजू स्त्रियांना ससूनमध्यें परिचारिकेचें शिक्षण घेण्यास पाठविलें. जी सेवा हलकी मानली जाई, तीच त्यांच्या स्वावलंबनाचें साधन झाली.

ह्या सेवेची खरी कसोटी कर्करोगांत लागते. १९४१ मध्यें मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें आणि शस्त्रक्रिया व किरणोपचार ह्यांची सोय वाढली. परंतु शस्त्रक्रिया कांहीं तासांची. त्यानंतरचे दिवस व रात्री परिचारिकेच्या हातीं असतात. तोंडाच्या कर्करोगांत घांस गिळवत नाहीं, तेव्हां नळीनें अन्न देणें. दुर्गंधि येणारा व्रण नाक न मुरडतां स्वच्छ करणें. शय्याव्रण होऊं नयेत म्हणून कूस बदलविणें. हीं तिचीं कामें. रोगी संकोचानें डॉक्टरांपाशीं बोलत नाहीं, तें दुखणें तीच प्रथम ओळखते.

१९८६ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीनें औषध देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वेदना असह्य होण्याची वाट न पाहतां ठरलेल्या वेळीं औषध द्यावें, हें तिचें एक मुख्य सूत्र. तें पाळलें जातें तें परिचारिकेच्या दक्षतेमुळेंच. पुण्याजवळ वारजें येथें १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठीं वेदनाशामक शुश्रूषेचें केंद्र चालत आलें आहे. अशा शुश्रूषेंत घरच्या माणसांनाही सेवा शिकवावी लागते. कारण रोग्याला बहुधा घरींच राहावयाचें असतें.

रोग बरा करणें प्रत्येक वेळीं मनुष्याच्या हातीं नसतें. रोग्याला एकटें न सोडणें मात्र असतें. म्हणून घरांतील मुलीनें परिचारिका होण्याची इच्छा दाखविली, तर कुटुंबानें तिला अडवूं नये. सेवासदनाच्या त्या पहिल्या विद्यार्थिनींचें ऋण फेडण्याचा हाच मार्ग होय.