सर्वांसाठीं लिहावें कीं एका यंत्रासाठीं?

अकोल्याहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मूर्तिजापूर हें जंक्शन आहे. वऱ्हाडांतील कापूस मुंबईच्या बंदरास पोंचविण्यासाठीं किलिक-निक्सन कंपनीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं येथून यवतमाळ व अचलपूर या दोन दिशांस अरुंद रूळ टाकले. मुख्य मार्गाची रुंदी साडेपांच फूट, या रुळांची अडीच. अरुंद मार्ग कमी खर्चांत झाला आणि त्या मुलखास तो पुरेसाहि होता. परंतु एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालत नसल्यामुळें मूर्तिजापुरास रुईची प्रत्येक गांठ उतरवून पुन्हां चढवावी लागे. स्थानिक सोयीची किंमत अशी सांध्यावर द्यावी लागते. याच तालुक्यांतील मुरंबा या गांवीं १९४६ सालीं डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. आणि स्थानिक सोय व सर्वमान्य प्रमाण यांचा हाच प्रश्न पुढें त्यांच्या महासंगणकांच्या इतिहासांत निराळ्या रूपानें उभा राहिला. श्रोतेहो, आज त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास सी ही भाषा रचली. तत्पूर्वीं मूलभूत आज्ञावल्या बहुधा त्या त्या यंत्राच्या असेंब्ली बोलींत लिहीत. यंत्र बदललें कीं तें लेखन व्यर्थ होई. सीमुळें एकदां केलेलें लेखन अनेक यंत्रांवर नेणें सुकर झालें. १९८९ सालीं अमेरिकन प्रमाण-संस्थेनें भाषेबरोबर तिच्या लायब्ररीचेंहि प्रमाण ठरविलें. लायब्ररी म्हणजे नित्याच्या कामांची तयार सामुग्री: अक्षरें मोजणें, स्मृतींतील मजकूर एका जागेहून दुसरीकडे नेणें, वर्गमूळ काढणें. काम कोणतें करावें एवढेंच प्रमाण सांगतें. तें कसें करावें हें लायब्ररी लिहिणाऱ्यावर सोडलेलें आहे. मोहाला जागा येथेंच आहे. साध्या सीमध्यें मजकूर एकेक बाइट करून नेतां येतो. पण आजच्या अनेक प्रोसेसरांत सोळा, बत्तीस किंवा चौसष्ट बाइट एका आज्ञेसरशीं उचलण्याची सोय असते. ती वापरली तर काम पुष्कळदां कित्येक पट वेगानें होतें. मात्र तें लेखन त्या एकाच जातीच्या यंत्राचें होऊन बसतें.

हव्या त्या शक्तीचा क्रे महासंगणक अमेरिका देईना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅकची स्थापना झाली. भटकर व त्यांचे सहकारी यांनीं १९९१ सालीं 'परम ८०००' उभा केला. त्याचा प्राण म्हणजे इंग्लंडच्या इन्मॉस कंपनीची ट्रान्सप्यूटर ही चिप. शेजारच्या चिपांशीं बोलण्यासाठीं चार दुवे तिच्या अंगांतच होते, आणि अनेक कामांची पाळी लावण्याची सोयहि तिच्यांत होती. असे गुण पाहून केवळ तिच्यासाठींच लिहावें, असें कोणासहि वाटावें. परंतु ती जात फार दिवस टिकली नाहीं. पुढच्या 'परम'मध्यें इंटेलचा आय-८६० आला, नंतर स्पार्क आला. आणि २००३ सालीं जगांतील ५०० बलाढ्य संगणकांच्या यादींत १७१ वें स्थान मिळविणाऱ्या 'परम पद्म'मध्यें आयबीएमचा पॉवर-४ होता. बारा वर्षांत चार घराणीं! केवळ ट्रान्सप्यूटरच्या गुणांवर विसंबून जें लिहावें, त्याचें आयुष्य ट्रान्सप्यूटरएवढेंच.

यांतून वाट निघाली ती प्रमाणाच्या आड राहून. अनेक प्रोसेसरांनीं परस्परांस निरोप धाडण्याचें एमपीआय हें प्रमाण १९९४ सालीं निघालें. १९९८ च्या 'परम १००००' च्या काळांत सी-डॅकनें त्याची सी-एमपीआय ही आपली आवृत्ति केली. तिचें बाह्य रूप प्रमाणाचें, अंतरंग मात्र यंत्राच्या जाळ्यास अनुरूप. वरून लिहिणाऱ्या शास्त्रज्ञास त्या अंतरंगाची चौकशी करण्याचें कारण नव्हतें.

तथापि बाह्य रूप सांभाळलें म्हणजे सर्व धोका टळतो, असें नाहीं. लिनक्सवरील जीलिबसी या लायब्ररींत 'मेमकॉपी' या क्रियेचें कांहीं इंटेल प्रोसेसरांसाठीं नवें वेगवान लेखन झालें. तें मजकूर शेवटाकडून आरंभाकडे नेई. मूळ जागा व नवी जागा एकमेकींवर येतां कामा नयेत, असें प्रमाण सांगतें. म्हणून दिशा बदलण्यांत नियमभंग नव्हता. पण फ्लॅश प्लेअरनें हा नियम पाळला नव्हता, आणि जुन्या लेखनांत तें खपून जात होतें. २०१० सालीं फेडोरा १४ वर फ्लॅशमधील ध्वनि विकृत ऐकूं येऊं लागला. लिनस टॉर्व्हल्ड्स यांनीं वापरणाऱ्यांची बाजू घेतली. २०११ च्या २.१४ या आवृत्तींत तोड निघाली: जुन्या आज्ञावल्यांस निर्धोक वर्तन, नव्यांस नवें.

मग यंत्रविशेष लेखन केव्हां करावें? ती क्रिया असंख्य आज्ञावल्या घडोघडीं वापरीत असतील तेव्हां. लाभ खऱ्या कामावर मोजून सिद्ध झाला असेल तेव्हां. कारण नित्य नेला जाणारा मजकूर पुष्कळदां आंखूड असतो, आणि मोठ्या मजकुरावर मिळविलेले आंकडे तेथें निरुपयोगी ठरतात. तें यंत्र हाताशीं ठेवून प्रत्येक आवृत्ति तपासणारा कोणी असेल तेव्हां. आणि खालीं साधें सी लेखन शाबूत असेल तेव्हां; विशेष लेखनाचें उत्तर ताडून पाहण्यास तीच कसोटी. जीलिबसी आज आज्ञावली सुरू होतांना प्रोसेसर ओळखून योग्य तें लेखन निवडते, आणि विशेष सोय न आढळल्यास सर्वसाधारण लेखनावर काम भागविते. यांतील एकहि अट अपुरी राहिली, तर साध्या सीवर समाधान मानावें. कंपायलर वर्षानुवर्षें सुधारत जातो, आणि त्या सुधारणेचें फळ साध्या लेखनास आपोआप मिळतें. यंत्र आज ना उद्यां जावयाचेंच. तें गेल्यावर आपल्या लेखनाचें काय उरेल, हें आधीं पाहावें आणि मगच लेखणी उचलावी.