दंडाचा पैसा आणि जखमी मूल

२०१७ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. उरणच्या कोर्टात मला जावे लागले. साक्षीदार म्हणून नव्हे, नुसता सोबती म्हणून. आमच्या शेजारच्या आळीतला नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून शिकवणीला निघाला असता कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरने त्याला उडवले होते. मांडीचे हाड गुडघ्याजवळ मोडले. ड्रायव्हर परमुलखातला, तोही गरीबच. त्याने गुन्हा कबूल केला, न्यायाधीशांनी पंधराशे रुपये दंड केला, त्याने खिशातल्या चुरगळलेल्या नोटा मोजून दिल्या, कारकुनाने पावती फाडली. संपले प्रकरण. मुलाचे वडील करंज्याच्या मच्छीमार बोटीत भागीदार. ते मला हळूच म्हणाले, "सर, ते पैसं आमचे पोराचे औषधाला मिलतील का?" मी कारकुनास विचारले. तो वर न पाहताच म्हणाला, "सरकारजमा."

त्याचे चुकले नव्हते. संविधानाच्या २६६ व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारचे उत्पन्न एकत्रित निधीत पडते आणि विधिमंडळाच्या मंजुरीवाचून त्यातली दमडी बाहेर येत नाही. उरणकरांना याची सवयही आहे म्हणा! आमच्या मिठागरांवर मिठाचा कर बसला तो सरकारजमा; गेल्याच्या आधीच्या शतकात येथल्या भट्ट्यांतून मोहाची दारू मुंबईस जाई, तिची आबकारी सरकारजमा; आणि १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाल्यापासून जकातीचा जो ओघ वाहतो, तोही सरकारजमाच. पण मी इतिहास शिकवणारा माणूस. माझ्या मनात प्रश्न आला तो असा की, दंड हा राजाचा आणि दुखणे ज्याचे त्याचे, ही वाटणी केव्हापासूनची? आपल्याकडे असे नेहमीच होते काय?

नव्हते. मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून पाहा. त्या ग्रंथात आज आपणांस न पटणारे पुष्कळ आहे, आणि ते न पटणेच योग्य. पण त्यात एक शब्द येतो, 'समुत्थानव्यय'. कुणी कुणाचे अंग दुखावले, जखम केली, रक्त काढले, तर करणाऱ्याने जखमी माणसाचा समुत्थानव्यय द्यावा. समुत्थान म्हणजे पुन्हा उठून उभे राहणे. तेव्हा अंथरुणावर पडलेला माणूस आपल्या पायांवर उभा राहीपर्यंत जो खर्च येईल तो. याज्ञवल्क्यानेही हेच सांगितले आहे. राजाचा दंड वेगळा आणि हा खर्च वेगळा. औषधपाण्याच्या पैशाला इतके नेमके नाव मला आजच्या कायद्यात सापडलेले नाही.

त्याच अध्यायात पुढे गाडीच्या अपघाताचे नियम आहेत आणि ते वाचताना हसूही येते. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, चाक निखळले, किंवा गाडीवानाने "बाजूला व्हा" म्हणून मोठ्याने ओरडून सांगितले, तर दंड नाही. मात्र गाडीवान अडाणी म्हणून गाडी भलतीकडे गेली आणि इजा झाली, तर दंड मालकास, दोनशे पण. गाडीवान हुशार असूनही असे घडले, तर दंड त्याला. आणि गाडीवान बेभरवशाचा असेल, तर गाडीत बसलेल्या सर्वांनाच शंभर शंभर! अडाणी माणसाच्या हाती गाडी देणारा मालक आधी दोषी, हे त्या काळच्या शास्त्रकारास कळले होते. आमच्या रस्त्यावर मात्र चौदा-चौदा तास ट्रेलर हाकून डोळे तारवटलेला ड्रायव्हर तेवढा कोर्टात उभा राहतो. मालक कुठे तरी दूर असतो.

मराठेशाहीत न्यायाचा पैसा दोन्हीकडून येई. जिंकणाऱ्याकडून हरकी, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. दोन्ही सरकारात. पण त्याच सरकारच्या दप्तरात 'बालपरवेशी' असाही एक शब्द आढळतो. चाकरीत कामी आलेल्या माणसाच्या मुलांच्या संगोपनासाठी ही नेमणूक दिली जाई. ती काही दंडाच्या पैशातून येत नसे, आणि ती चाकरीतल्यांच्याच मुलांना. तरी मुलाच्या नावाने सरकारच्या वहीत एक खाते असू शकते, ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही एवढे त्यावरून दिसते.

ही वाट मोडली ती इंग्रजी अमदानीत. गुन्हा हा राज्याविरुद्धचा, म्हणून दंड राज्याचा; ज्याला लागले त्याने दिवाणी दावा लावावा, अशी त्यांची मांडणी. १८६० च्या दंड संहितेत बेदरकारपणे दुखापत करणाऱ्यास फार तर पाचशे रुपये दंड ठेवला होता, आणि भारी दुखापत केल्यास हजार. दहा-पंधरा रुपये पगाराच्या त्या काळच्या कारकुनास पाचशे रुपये म्हणजे तीन-चार वर्षांची कमाई. गंमत अशी की, हे आकडे जागचे हलले नाहीत. ३० जून २०२४ पर्यंत तेच होते. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, नवी न्याय संहिता आली तेव्हा ते पाच हजार आणि दहा हजार झाले.

तसे पाहिले तर इंग्रजांनीही एक खिडकी किलकिली ठेवली होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ५४५ वे कलम होते. दंड वसूल झाल्यावर त्यातून जखमी माणसास भरपाई द्यावी, असा हुकूम त्याखाली न्यायाधीशास करता येई. १९७३ च्या संहितेत हेच ३५७ वे कलम झाले. पण खिडकी उघडायची कोणी? १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना या कलमाचा हात सैल ठेवून उपयोग करण्यास सांगितले. २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका फौजदारी अपिलात पुन्हा बजावले की, भरपाईचा विचार प्रत्येक खटल्यात केलाच पाहिजे. त्या दिवशी उरणच्या कोर्टात तो विचार कुणी बोलून दाखवला नाही. वकिलाने मागितले नाही, आम्हांस ठाऊक नव्हते. पंधराशे रुपयांतून द्यायचे तरी काय, असेही कुणी म्हणेल.

बरे, मोटार अपघातांसाठी वेगळी न्यायाधिकरणे आहेतच की! १९५६ च्या दुरुस्तीने त्यांची सोय झाली. ठोकर मारून पळालेल्या गाडीच्या बाबतीत १९८२ पासून ठराविक रक्कम मिळू लागली. मृत्यूस पाच हजार, भारी दुखापतीस एक हजार. २०२२ पासून ती दोन लाख आणि पन्नास हजार आहे. परंतु न्यायाधिकरणाचा पैसा मिळतो तो वर्षांनंतर, आणि मूल तर आज रक्तात पडलेले असते. शिवाय मुलाची किंमत करायची कशी, हे या कायद्यास नीट उमगले नाही. १९९४ साली जोडलेल्या कोष्टकात, जो कमावत नाही त्याचे मानीव उत्पन्न वर्षास १५,००० रुपये धरले आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ ते तसेच राहू दिले. मूल कमावत नाही हे खरे. पण त्याचे हाड वाढत असते. टोकाजवळच्या ज्या कूर्चेतून हाड लांब होते तिला इजा झाली, तर एक पाय वाढतो आणि दुसरा मागे राहतो. मग वाढ पुरी होईस्तोवर डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवणे आले. पहिल्या तासाचे म्हणाल तर दहा किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून पाऊण लिटरच्या आसपास रक्त. मोठ्या माणसाने सोसावे एवढा रक्तस्राव त्यास मारक ठरतो. श्वासाची नळी, सुई, मानेचा पट्टा, सारे त्याच्या मापाचे हवे. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या, हे मोठेच काम. नाही तर पूर्वी आमच्या जखमी माणसाला मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यास नेत आणि त्यात भरती-ओहोटीही पाहावी लागे. पण गाडी आली म्हणजे मुलाच्या मापाचे सामान आणि ते वापरणारा हातही आला, असे नव्हे.

या गरजेसाठी दंडाचा पैसा थेट वळवण्याचा एक प्रयोग अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात झाला. १९८७ च्या कायद्याने तेथील जिल्ह्यांस कोर्टाच्या दंडावरील अधिभारातून तातडीच्या उपचारांचा निधी उभारण्याची मुभा मिळाली. २००६ साली त्यात भर पडली. दर दहा डॉलर दंडामागे आणखी दोन डॉलर घ्यावेत आणि या वाढीव रकमेतले शेकडा पंधरा अपघातग्रस्त मुलांच्या उपचारकेंद्रांसाठी राखावेत. जिल्ह्यात असे केंद्र नसेल, तर मुलांना ते उपचार मिळण्याची वाट सुधारण्यावर तो पैसा खर्चावा. त्याला 'रिचीचा निधी' म्हणतात. पण या नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. असे अधिभार एकावर एक चढत गेले आणि तिथे शंभर डॉलरच्या मूळ दंडाचे देणे ४९० डॉलरच्या घरात गेले. गरिबांना ते भरता येईना, त्यांचे परवाने अडकले; शेवटी २०१५ साली सूट द्यावी लागली आणि २०१७ साली दंड थकला म्हणून परवाना रोखणे बंद करावे लागले. म्हणून माझे मत असे की, इस्पितळाच्या भिंती दंडावर बांधू नयेत. लोक शहाणे झाले, दंड घटला, तर इस्पितळ उपाशी राहायचे की काय? भिंती अंदाजपत्रकातूनच उभ्या राहाव्यात. दंडातून समुत्थानव्यय तेवढा निघावा.

आणि हे आपल्या कायद्यास अशक्य नाही, कारण एका ठिकाणी त्याने ते केलेले आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा जो २०१२ चा कायदा, त्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत गंभीर गुन्ह्यांबाबत स्पष्ट लिहिले आहे की, दंड वाजवी असावा आणि पीडित बालकाच्या औषधोपचारासाठी व पुनर्वसनासाठी त्यासच दिला जावा. जुनी वाट तेवढ्यापुरती पुन्हा सापडली. रस्त्यावर चिरडलेल्या मुलासाठी तसे वाक्य नाही. २०१९ च्याच मोटार वाहन दुरुस्तीने अपघात निधीची तरतूद केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तारीख घालून दिल्यावर ५ मे २०२५ रोजी रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजना जाहीर झाली. माणशी दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांपर्यंत. योजना चांगलीच आहे. पण त्यात मुलांचा वेगळा वाटा नाही, आणि सात दिवस म्हणजे सात दिवस.

आमच्या आळीतल्या त्या मुलावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. पहिली अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, खाडीपलीकडच्या एका इस्पितळात, आगाऊ रक्कम भरल्यावर. दुसरी २०१९ साली, तिसरी २०२३ साली. न्यायाधिकरणाचा निकाल या दोन्हींच्या मध्ये लागला. तोवर वडिलांनी बोटीतला आपला हिस्सा विकला होता आणि ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जात होते. मुलगा आज माझ्याच कॉलेजात अकरावीच्या वर्गात बसतो. त्याच्या डाव्या बुटाचा तळ दीड सेंटिमीटर जाड आहे.