मूळचे कुठले?

मराठी माणूस नव्या ओळखीच्या माणसाला तीन प्रश्न विचारतो. पगार किती, जागा स्वतःची का भाड्याची, आणि मूळचे कुठले. पहिल्या दोहोंना थोडं इकडचं तिकडे करून उत्तर देता येतं. तिसरा अवघड. निदान आमच्या कल्याणात तरी.

मी स्वतः रत्नागिरीचा म्हणून सांगतो. गणपतीला तिकडे गेलं की चुलते म्हणतात, "आपण मूळचे इथले नव्हेच, घाटावरून खाली उतरलो." घाटावर कुठून चढलो होतो, हे विचारायची हिंमत घराण्यात अजून कोणी केलेली नाही. आजोबा बोटीने मुंबईला आले, गिरगावातल्या चाळीत एक खोली घेतली, आणि खोलीत माणसं मावेनाशी झाल्यावर वडिलांनी १९८३ साली कल्याण पूर्वेला ब्लॉक घेतला. त्या वेळी गिरगावचे नातेवाईक भेटायला आले ते दोन दिवसांचे कपडे घेऊनच.

आमच्या सोसायटीत सोळा बिऱ्हाडं आणि नऊ भाषा. तळमजल्यावर रेल्वेतून रिटायर झालेले तमिळ गृहस्थ, वर सिंधी, त्यांच्या शेजारी जौनपूरचे, समोर गुजराती, आणि ज्यांच्या भातशेतात ही इमारत उभी राहिली ते आगरी कुटुंब पहिल्या मजल्यावर. वार्षिक सभा हिंदीत चालते, म्हणजे जो तो आपापल्या भाषेला हिंदी समजून बोलतो. पाण्याचा विषय निघाला की हिंदीही सुटते, पण त्या वेळी सगळ्यांचं सगळ्यांना कळतं.

अशा प्रत्येक सभेत तिसऱ्या मजल्यावरचे काका एकदा तरी उठून उभे राहतात. "हे सगळे बाहेरचे हो! ह्यांनीच आपलं कल्याण बिघडवलं." काका परळचे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो संपला असं कोणी जाहीर केलं नाही, नुसत्या गिरण्या गेल्या. काकांची खोलीही मागोमाग गेली आणि ते इथं आले. तेव्हा त्यांच्या शब्दाला एक धार असते आणि ती मला कळते. परळ त्यांच्या हातातून सुटलंय, निदान कल्याण तरी सुटू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पण ते 'बाहेरचे' म्हणाले की पहिल्या मजल्यावरचे आगरी आजोबा चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे ज्या शांतपणे बघतात, ते बघणंही माझ्या ध्यानातून जात नाही.

आम्ही कॉमर्सवाले. इतिहास शाळेबरोबर सुटला. पण खातं तपासायचं तर आरंभीची शिल्लक बघावी लागते, एवढं आम्हांला कळतं. म्हणून बघायला गेलो, तर पानं मागे जातच राहिली.

बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे कल्याणकर भेटतात. एका सोनाराने पाण्याचं टाकं खोदून दिलंय, एका लोहाराने वाट करून दिली आहे. शिवाय तिथल्या लेखांत 'अक्षयनीवी' नावाचा प्रकार आहे. म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातून. हे वाचून मला भरून आलं. मुदतीआधी ठेव मोडायला येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला त्या डोंगरावर नेऊन उभं करावंसं वाटतं.

त्या काळी मुंबई ही सात बेटं होती, आणि कल्याण बंदर होतं. उपनगर कोण कोणाचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची जी माहितीवही लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात तिला, तीत कल्याणची तक्रार आहे. पूर्वी इथं राजरोस व्यापार चाले, पण सत्ता बदलली आणि आता चुकून इथं लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेतात, असं तो लिहितो. संध्याकाळी कल्याणची म्हणून पकडलेली गाडी ठाण्यालाच रद्द झाली, असा अनुभव ज्यांना आहे त्यांना या ग्रीकांचं दुःख समजेल. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा दुसरा प्रवासी लिहितो की कल्याणला ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमून येतो. पुढे १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि इथल्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली. त्या कामाला कारागीर कुठले, तर त्यांत पोर्तुगीजही होते. म्हणजे आमच्या सोसायटीच्या नऊ भाषा ही काही मोठी फुशारकी नव्हे.

१ मे १८५४ रोजी ठाण्याहून कल्याणला रेल्वे आली. पुढे इथून एक फाटा थळ घाटाकडे गेला आणि एक बोर घाटाकडे, आणि जहाजांच्या गावाचं जंक्शन झालं. जंक्शनवर माणसं उतरतात आणि त्यांतली काही पुढची गाडी पकडायचं विसरतात. आमची निम्मी वस्ती अशीच झालेली आहे.

या गावातून बाहेर गेलेलं एक माणूस मात्र विसरता येत नाही. आनंदीबाई जोशी १८६५ साली कल्याणात जन्मल्या. १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. वय बावीसही पुरं नव्हतं. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पोकीप्सी नावाच्या गावी आहेत. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं, त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानातल्या जागेत. आमच्या सोसायटीत स्कूटर लावायला कोणी कोणाला जागा देत नाही.

यापुढचा हिशेब जरा दुखरा आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणच्या पूर्वेला बराकींची मोठी छावणी उभारली, आणि पलीकडे नेवाळीला १९४२ च्या सुमारास धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं. विमानं गेली. जमिनी परत मिळाल्या नाहीत. त्यासाठी २०१७ च्या जूनमध्ये तिथं मोठं आंदोलन होऊन गाड्या जळाल्या, तेव्हा मूळ धन्यांची नातवंडं रस्त्यावर होती. आगरी आजोबांचं माहेरकडलं कोणीतरी त्या गावचं आहे. ते शांतपणे बघतात, ते असं.

रिकाम्या बराकी १९४७ नंतर भरल्या. कराचीहून बोटीने मुंबईत आणि तिथून इथं, असे सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. नाव उल्हास नदीवरून. उल्हास वाटावा असं त्या वेळी तिथं दुसरं काही नव्हतं. पण लोकांनी पापड लाटले, गाडीत गोळ्या विकल्या, पुढे कापड, फर्निचर, काय वाटेल ते केलं, आणि 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण त्यांच्यावर केला. ते हसले आणि त्यांनी मालाची किंमत लावली.

आमच्या शाखेत असे एक दादा येत. केवायसीची लाट आली तेव्हा त्यांचा फॉर्म माझ्याकडे होता. जन्मस्थान शिकारपूर. मी टाइप करताच कॉम्प्युटरने बुलंदशहर जिल्हा सुचवला.

"दादा, हे उत्तर प्रदेशातलं का?"

"नाही साहेब, सिंध."

"सिंध यादीत नाही."

"ते मला १९४७ सालीच सांगितलं होतं," दादा म्हणाले.

शिकारपूरचं नाव मला बँकेमुळे माहीत होतं. तिथल्या सराफांची हुंडी एकेकाळी बुखारापर्यंत चालायची, नुसत्या सहीवर. आणि त्या गावचा माणूस माझ्या काउंटरपुढे विजेच्या बिलाची झेरॉक्स घेऊन उभा होता, तो तिथं राहतो हे सिद्ध करायला. कायमच्या पत्त्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: कॅम्प नंबर तीन.

"दादा, कॅम्प म्हणजे तात्पुरता मुक्काम ना?"

"आम्हांला पण तसंच म्हणाले होते," ते म्हणाले. "आठ वर्षांचा होतो मी. आई ट्रंक उघडतच नव्हती, म्हणायची परत भरायला त्रास नको."

जन्मस्थान रिकामं ठेवून कॉम्प्युटर पुढे सरकेना. दादा म्हणाले, बुलंदशहर लिहा, काय फरक पडतो. मला ते लिहवेना. यादीच्या अगदी तळाशी 'इतर' असा एक पर्याय असतो, तो दाबला. दादांनी उजवीकडून डावीकडे अशी त्यांची लफ्फेदार सही केली, पेन खिशाला लावलं आणि पासबुक पुढे सरकवून विचारलं, "छापायचं मशीन आज चालू आहे का?"

नव्हतं.