कार्यालयातून उतरलेले संगणक आणि टीव्हीवरचे खेळ

इम्युलेटर हा एका यंत्राची नक्कल दुसऱ्या यंत्रावर वठवणारा प्रोग्रॅम. टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रात, म्हणजे कॉन्सोलमध्ये, जो प्रोसेसर असतो त्याची एकेक आज्ञा इम्युलेटर वाचतो, संगणकाला कळेल अशा आज्ञांत बदलतो आणि चालवतो. चित्र काढणारी चिप आणि आवाज देणारी चिप यांचे कामही त्यालाच करावे लागते. म्हणून नकलेला मूळ यंत्राच्या कितीतरी पट ताकद लागते. निंटेंडोच्या १९८३च्या फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि त्याची कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. तरीही तो नीट वठवायला १९९०च्या दशकातले ४८६ आणि पेंटियम संगणक यावे लागले. जुन्या संगणकात थोडे पैसे घालून त्यावर कॉन्सोलचे खेळ चालवण्याचा इतिहास म्हणजे ही तफावत स्वस्तात भरून काढण्याचा इतिहास आहे. झाशीसारख्या शहरात त्याला वेगळे वळण लागले. परदेशात लोक इम्युलेटरवर लहानपणी घरी असलेले खेळ पुन्हा खेळले. इथे बहुतेकांच्या घरी तो कॉन्सोल कधी आलाच नव्हता.

त्याचे कारण किमतीत आहे. १९९०च्या दशकात भारतात कॉन्सोलवर जबर आयात शुल्क होते. सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी शॉ वॉलेस कंपनीने १९९५मध्ये भारतातील वितरणाचा करार केला, तेव्हा एका यंत्राची किंमत १८,००० रुपये होती आणि आयात शुल्क ८० टक्क्यांच्या घरात. नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम. बाजार भरून गेला तो सामुराई, लिटल मास्टर आणि मीडिया या नावांच्या यंत्रांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या, फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या बिननावाच्या स्वस्त डब्यांनी. त्यांना सगळे ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत आणि खेळाच्या काडतुसाला ‘कॅसेट’. मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट, बॉम्बरमॅन एवढ्यांत बहुतेकांचे भांडार संपे. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेले असले तरी आत तेच चार-पाच खेळ फिरून फिरून येत. फॅमिकॉमच्या पुढच्या पिढ्या, म्हणजे सुपर निंटेंडो, प्लेस्टेशन आणि निंटेंडो ६४, मोजक्या घरांत पोहोचल्या.

ज्यांच्याकडे टीव्ही गेमही नव्हता त्यांच्यासाठी व्हिडिओ गेम पार्लर होते. तिथे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांत एक खेळ सगळ्यांवर भारी ठरला: कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. भारतात त्याला या नावाने फारसे कोणी ओळखत नाही. त्यातल्या मुस्तफा कैरो या पात्रावरून तो गावोगावी ‘मुस्तफा’ झाला. इम्युलेटर भारतात रुजवण्याचे श्रेय एखाद्या खेळाला द्यायचे तर ते मुस्तफालाच द्यावे लागेल. इम्युलेटर आणि खेळ एकाच फोल्डरमध्ये बांधून तो सीडीवरून, पुढे पेन ड्राइव्हवरून हातोहात पसरला. सायबर कॅफेत आणि घरच्या संगणकावर तो खेळणाऱ्या कित्येकांना आपण इम्युलेटर चालवतो आहोत याचा पत्ताही नव्हता. मोटोरोला ६८००० प्रोसेसरवर चालणारा तो खेळ कुठल्याही पेंटियमला पेलत असे.

१९९७ हे साल या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी ५ फेब्रुवारीला इटलीच्या निकोला साल्मोरिया याने पार्लरमधल्या यंत्रांसाठी ‘मेम’ची पहिली आवृत्ती दिली आणि ३ एप्रिलला ब्लडलस्ट सॉफ्टवेअरचा फॅमिकॉमसाठीचा ‘नेस्टिकल’ आला. साध्या घरगुती संगणकावर, पूर्ण वेगाने, आवाजासकट खेळ चालू लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतला. त्यानुसार संगणक आणि त्यांच्या सुट्या भागांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५पर्यंत शून्यावर आले. कॉन्सोल मात्र त्या यादीत नव्हते. २०१५मध्ये करार वाढवून त्यात कॉन्सोल घातले गेले, तेव्हा भारत त्या वाढीव करारात सामील झाला नाही. वस्तू आणि सेवा कर आल्यावरही कॉन्सोलवर २८ टक्के कर होता, तो १ जानेवारी २०१९पासून १८ टक्के झाला. सोनीचा प्लेस्टेशन ३ भारतात २००७मध्ये ३९,९९० रुपयांना आला. अभ्यासासाठी म्हणून घरात घेतलेला संगणक स्वस्त होत गेला आणि खेळयंत्र महागच राहिले. इम्युलेटर भारतात इतका खोल रुजला त्यामागे तंत्राइतकीच ही करांची रचना आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले गेले आहे.

झाशी मुंबई–दिल्ली लोहमार्गावर आहे. पंजाब मेल १९१२पासून या मार्गाने धावते. तिच्या वाटेवर एका टोकाला मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि दुसऱ्या बाजूला दिल्लीचे नेहरू प्लेस, अशा देशातल्या दोन नामांकित संगणक बाजारपेठा येतात. दिल्ली सुमारे ४०० किलोमीटरवर. नेवाळकरांच्या सुभेदारीपासून मराठी घरे असलेल्या या शहरात कारखाने आणि शिक्षणसंस्था बऱ्याच: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू असलेला रेल्वेचा कारखाना, भेलचा ट्रान्सफॉर्मर कारखाना, १९७५चे बुंदेलखंड विद्यापीठ, १९८६ची बुंदेलखंड अभियांत्रिकी संस्था. अशा शहरात संगणक दोन वाटांनी येतो. दुकानदार सुटे भाग मागवून ‘असेंबल’ करून देतो, ही एक. मोठ्या कंपन्यांच्या भाड्याचा करार संपला की त्यांची यंत्रे ठोकात विकली जातात आणि महानगरांतल्या व्यापाऱ्यांमार्फत छोट्या शहरांत उतरतात, ही दुसरी. पहिल्या वाटेने आलेल्या संगणकांवर २००५च्या आसपास खेळ चालले, दुसरीने आलेल्यांवर त्यानंतर.

पहिल्या काळात अडचण चित्राची होती. १९९९मध्ये प्लेस्टेशनसाठी ‘ब्लीम’ आणि ‘व्हर्च्युअल गेम स्टेशन’ आले, २०००मध्ये ‘ईपीएसएक्सई’. प्लेस्टेशनचा प्रोसेसर ३३.८ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी २ मेगाबाइट, त्यामुळे पेंटियम ३ला तो जड नव्हता. पण ईपीएसएक्सईचे चित्र रेखीव दिसायला थ्रीडी कार्ड लागे. मदरबोर्डवरचे अंगभूत ग्राफिक्स तिथे धापा टाकत. म्हणून एनव्हिडियाचे जीफोर्स २ एमएक्स किंवा एमएक्स ४४० कार्ड घालणे हा त्या काळचा नेहमीचा उपाय झाला. कॅबिनेट उघडल्यावर मात्र अनेकदा निराशा पदरी पडे. इंटेलच्या ८४५जीएल आणि ८४५जीव्ही चिपसेटच्या स्वस्त बोर्डांवर असे कार्ड बसवायची एजीपी खाचच नसे. तपकिरी रंगाची ती आखूड खाच असायची तिथे कोरी हिरवी पट्टी दिसे, आणि उरलेल्या पांढऱ्या पीसीआय खाचांत बसणारे हळू कार्ड शोधावे लागे. संगणक घेताना बोर्डावर वाचवलेले काही शे रुपये असे दोन-तीन वर्षांनी वसूल होत. मेमरीचे काम सोपे होते: १२८ मेगाबाइटच्या जागी २५६ घातले की विंडोज एक्सपी आणि इम्युलेटर दोन्ही सुखाने चालत.

खेळाडूच्या हातात काय द्यायचे, हा प्रश्नही स्वस्तातच सुटला. आधी साउंड कार्डच्या १५ पिनांच्या गेमपोर्टला जॉयस्टिक जोडत, नंतर प्लेस्टेशनच्या धाटणीचे यूएसबी पॅड जोडीने मिळू लागले. तोवर कीबोर्डवरच दोघे-तिघे बसत. मुस्तफा तिघांना एकत्र खेळता येतो, पण साध्या कीबोर्डच्या जाळ्यात एका वेळी ठरावीक बटणांच्याच जोड्या ओळखल्या जातात. एकाने उडी आणि फटका एकदम दाबून धरले की दुसऱ्याचा गडी जागच्या जागी खिळे. यावरून झालेली भांडणे त्या पिढीला चांगली आठवतात.

प्लेस्टेशन २ने सगळे गणित बदलले. त्याचा इमोशन इंजिन प्रोसेसर २९५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, पण सोबत दोन व्हेक्टर युनिट आणि निराळीच ग्राफिक्स चिप. ‘पीसीएसएक्स२’ हा त्याचा इम्युलेटर २००२पासून घडत होता. तो सामान्य संगणकावर खेळण्याजोगा व्हायला बरीच वर्षे गेली. हे काम प्रोसेसरच्या फार गाभ्यांत, म्हणजे कोरमध्ये, वाटता येत नाही. मूळ प्रोसेसर एका धाग्यात, ग्राफिक्स दुसऱ्यात, आणि एक व्हेक्टर युनिट हवे तर तिसऱ्यात. त्यामुळे सावकाश चालणाऱ्या चार गाभ्यांपेक्षा ३ गिगाहर्ट्झचे दोन गाभे पुष्कळदा सरस ठरले. जुन्या यंत्रात लोकांचा पैसा वाया जातो तो इथेच. एसएसडी घातली की विंडोज झटक्यात उघडते, खेळाचा वेग मात्र तसूभरही वाढत नाही. ८ गिगाबाइटच्या जागी १६ मेमरीही तिथे काही करत नाही.

या काळात कार्यालयांतून उतरलेले डेल ऑप्टिप्लेक्स आणि एचपी कॉम्पॅक बाजारात आले. त्यांतल्या कोर २ ड्युओ प्रोसेसरांची निवड डोळसपणे करावी लागते. ६५ नॅनोमीटरचा ई६५५० आणि ४५ नॅनोमीटरचा ई८४०० एकाच ७७५ सॉकेटमध्ये बसतात, बाहेरून अगदी भावंडे दिसतात. पण एसएसई ४.१ हा आज्ञासंच दुसऱ्यातच आहे, आणि पीसीएसएक्स२च्या आजच्या आवृत्त्या त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. हौशी मंडळींनी याच्याही पुढे मजल मारली. सर्व्हरमधून निघालेला झिऑन ई५४५० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर ७७१ सॉकेटचा; दोन पिनांची अदलाबदल करणारा कागदासारखा स्टिकर त्याच्या पाठीला लावून आणि सॉकेटच्या कडेचे प्लॅस्टिकचे खुंट कापून तो ७७५च्या बोर्डात बसवला गेला. बायोसने, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमने, ओळखला तर थोडक्या पैशांत यंत्राचे आयुष्य वाढे.

पुढची पायरी २०११च्या आय५-२४००ची. त्याचा प्रोसेसर दमदार, पण अंगभूत एचडी २००० ग्राफिक्स डायरेक्टएक्स १०.१पर्यंतच जाते, म्हणून वेगळे कार्ड लागतेच. कार्यालयीन बारीक कॅबिनेटमध्ये उंच कार्ड मावत नाही, आणि आतल्या एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, ताकद २४० वॅटच्या आसपास, कार्डासाठी वेगळी केबलही नाही. २०१७चे जीटी १०३० अशा वेळी उपयोगी पडले: अर्ध्या उंचीत मिळणारे, ३० वॅटचे, सगळी वीज खाचेतूनच घेणारे.

झाशीत या सगळ्याला हवामानाची जोड आहे. बुंदेलखंडाचा उन्हाळा कोरडा आणि धुळीचा. मे २०२४च्या अखेरीस शहराचा पारा ४९ अंशांपर्यंत गेला. इम्युलेटर प्रोसेसरला क्षणभर उसंत देत नाही. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसलेला आणि दहा वर्षांपूर्वीची थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली असेल, तर तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि खेळातला आवाज फाटू लागतो. ब्रशने पाती मोकळी करून नवी पेस्ट लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि सर्वाधिक दुर्लक्षित. वीज गेली-आली की धक्का बसतो तो जुन्या एसएमपीएसला. यूपीएसशिवाय अशा यंत्रावर खर्च करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

कायद्याची बाजूही याच काळात घडली. ‘व्हर्च्युअल गेम स्टेशन’ बनवणाऱ्या कनेक्टिक्सविरुद्धच्या सोनीच्या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने २०००मध्ये इम्युलेटर बनवण्यासाठी केलेला प्लेस्टेशनच्या बायोसचा अभ्यास रास्त वापर मानला. भारताच्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देते आणि दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळवण्यासाठी लागणारा अभ्यासही करू देते. फुकट वाटल्या जाणाऱ्या खेळांच्या प्रती मात्र त्यात बसत नाहीत. मुस्तफाची सीडीही नाही.

२०१२मध्ये ‘पीपीएसएसपीपी’ आल्यापासून सोनीच्या पीएसपीचे खेळ अँड्रॉइड फोनवर गेले, आणि फॅमिकॉमपासून प्लेस्टेशनपर्यंतचेही सगळे. जुन्या संगणकाकडे उरले ते प्लेस्टेशन २ आणि निंटेंडोचे गेमक्यूब आणि वी, कारण ही यंत्रे स्वस्त फोनला अजून झेपत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय५ कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. त्यांच्यावर विंडोज न घालता पेन ड्राइव्हवरून थेट सुरू होणारी ‘बॅटोसेरा’ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली चालते, आणि प्लेस्टेशन २चे बरेचसे खेळ आय५-६५००च्या अंगभूत ग्राफिक्सवरही मूळ रिझोल्यूशनमध्ये पूर्ण वेगाने खेळता येतात.