लिनक्सच्या परंपरेतील विनोद : स्वरूप आणि कार्य

तंत्रविद्येचा इतिहास लिहिताना यंत्रे, पेटंटे व कंपन्या यांची नोंद होते. विनोदास सहसा स्थान मिळत नाही. लिनक्स या संगणकप्रणालीच्या बाबतीत मात्र ही उपेक्षा परवडणारी नाही. तिच्या उपासकांची भूमिका त्यांच्या जाहीरनाम्यांइतकीच त्यांच्या थट्टेतही नमूद झालेली आहे.

या थट्टेचे मूळ लिनक्सपूर्व काळात सापडते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकाच्या एका अनुकृतीस ‘आइने’ हे नाव मिळाले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘एक’. विस्तार मात्र ‘आइने म्हणजे ईमॅक्स नव्हे’ असा. तिची पुढील आवृत्ती अर्थातच ‘त्स्वाय’, म्हणजे ‘दोन’, ठरली. याच संस्थेत वावरलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ हा त्या नावाचा विस्तार. त्यातील पहिले अक्षर उलगडावयास जावे तो पुन्हा ग्नूच पुढे उभा! तथापि या शब्दखेळात एक प्रतिपादन दडलेले आहे. युनिक्सच्या आज्ञावलीवर एटी अँड टी कंपनीचा हक्क होता. नवी प्रणाली युनिक्सप्रमाणे चालेल, पण तिची एकही ओळ उचलणार नाही, हेच त्या ‘नव्हे’चे तात्पर्य होय.

स्टॉलमन यांनी पुढे झगा घालून व संगणकाची जुनी तबकडी प्रभावळीप्रमाणे मस्तकी धारण करून ‘ईमॅक्स चर्च’चे संत म्हणून प्रवचने केली. प्रतिस्पर्धी ‘व्हीआय’ संपादकाची अक्षरे रोमन अंकांत सहा होतात. तीनदा उच्चारली की सैतानाचा ६६६ हा आकडा सिद्ध! मात्र व्हीआयची मुक्त आवृत्ती वापरणे हे पाप नसून प्रायश्चित्त होय, असा निवाडाही त्यांनी दिला. म्हणजे थट्टेतही कसोटी सोयीची नसून स्वातंत्र्याचीच राहिली.

लिनस टोरवाल्ड्‌स यांच्या विनोदाची जात निराळी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या या विद्यार्थ्याने आपली प्रणाली हा केवळ छंद असून ती ग्नूसारखी मोठी होणार नाही, असे कळविले. तिचे नाव त्यांनी ‘फ्रीक्स’ योजिले होते. ‘लिनक्स’ हे नाव रूढ झाले ते आरी लेम्के यांनी संग्रहातील कप्प्यास ते दिल्यामुळे. १९९६ मध्ये बोधचिन्ह म्हणून गरुड वा सिंह नव्हे, तर पोट भरून सुस्तावलेला पेंग्विन आला. २०१३ मध्ये ३.११ ही आवृत्ती निघताच मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११’चे विडंबन म्हणून तिला ‘लिनक्स फॉर वर्कग्रुप्स’ म्हटले गेले. वेतन वा हुकूम यांनी न बांधलेल्या, परस्परांस न भेटलेल्या सहकाऱ्यांत आपलेपणा निर्माण करण्याचे कार्य या हास्याने केले.

परंतु ज्याला खूण पटते तो आपला, असे ठरले की ज्याला पटत नाही तो आपोआप परका होतो. भाबडा प्रश्न विचारणाऱ्या नवागतास शिवीसह ‘आधी पुस्तिका वाच’ असे बजावण्याची प्रथा याच गोटात मुरली. टोरवाल्ड्‌स यांच्या कठोर टीकेस अनेकांनी रोखठोकपणा मानले. पण सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनीच त्याबद्दल क्षमा मागून काही काळ रजा घेतली, आणि प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. तेव्हा या परंपरेचा अभ्यास करताना कोण हसले याबरोबरच कोणास हसता आले नाही, हेही तपासणे क्रमप्राप्त ठरते.