‘शोकांतिका’ ही संज्ञा

मराठीत ‘ट्रॅजेडी’साठी रूढ झालेली ‘शोकांतिका’ ही संज्ञा नाटकाच्या शेवटावर बोट ठेवते. मूळ ग्रीक ‘त्रागोदिआ’ या शब्दात मात्र शेवटाचा निर्देश नाही. ‘त्रागोस’ म्हणजे बोकड व ‘ओदे’ म्हणजे गीत, एवढाच त्याचा व्युत्पत्त्यर्थ. इ. स. पूर्व ४५८ मधील एस्किलसची ‘ओरेस्तेइआ’ ही नाट्यत्रयी नायकाच्या मुक्ततेने व सूडदेवतांच्या सांत्वनाने संपते. तरी ती त्रागोदिआच. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते स्थितिविपर्यय व अभिज्ञान एकाच वेळी घडणे हे उत्तम कथानकाचे लक्षण होय. त्याने त्यासाठी दाखला दिला तो सोफोक्लीझच्या नाटकाचा, पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत ‘राजा ओयदिपौस’ या नावाने आणले. तेथेही नाट्य आहे ते राजास स्वतःची ओळख पटण्यात. शोक हा त्याचा परिणाम. सारांश, रूढ संज्ञा टाकण्याचे कारण नाही. परंतु तिच्या घडणीवरून ग्रीक नाट्यप्रकाराचे लक्षण ठरविणे सयुक्तिक नव्हे.